दाण्याचा आवाज

१

बाजाराचं लोखंडी दार सकाळी सहाला उघडलं, आणि एकही कबुतर उडालं नाही.

रोज दार करकरलं की छपराखालची सगळी कबुतरं एकदम फडफडायची. खालच्यांच्या डोक्यावर पिसं आणि नको ते पडायचं आणि दुकानदार शिव्या घालत आत शिरायचे. त्या दिवशी कोणी शिवी घातली नाही. कबुतरं खाली होती. धान्याच्या गल्लीत, दोघा धान्यवाल्या भावांपैकी थोरल्यांच्या गाळ्यासमोर, फरशीभर पसरलेली. त्यांच्यापलीकडे, नळामागच्या आपल्या खोलीच्या उंबऱ्यात, झाडूवाली मावशी कुशीवर पडली होती. हात पोटाशी आवळलेले, तोंडाला फेस. श्वास होता, पण नावापुरता.

काटेमास्तर पावणेसातला पोचले तोवर मावशीला दवाखान्यात नेलं होतं आणि फौजदाराने गुन्हेगार धरलाही होता.

काटेमास्तर हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. चाळीस वर्षं त्यांनी या शहरातल्या दुकानांचे काटे आणि वजनं तपासली, म्हणून ते नाव चिकटलं. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी ते गल्लीत शिरले की दुकानदारांची बोटं आपोआप काट्यावरून बाजूला व्हायची. बायको गेल्याला सात महिने झाले होते. ती मंगळवार-गुरुवार या बाजारात यायची, म्हणून आता ते यायचे. तिचीच पिशवी, आणि खिशात तिच्या हातची शेवटची यादी. यादीत होतं तेवढंच आणि तसंच ते घ्यायचे. घड्यांवर कागद विरला होता, पण यादी त्यांना पाठ होती.

"मास्तर! बरं झालं आलात. सांगा यांना!"

गल्लीच्या टोकाची बियाणेवाली ओरडत होती. बी, कुंड्या आणि किडीची औषधं विकणारी बाई. दोन शिपायांनी तिला दोन्हीकडून धरलं होतं आणि तिसरा तिच्या दुकानाला कुलूप घालत होता.

"अख्ख्या बाजारात विष विकणारं दुकान एकच," फौजदार म्हणाला. पोरगेला होता आणि घाईत होता. "मावशीशी हिचं परवाच भांडण झालंय. चार जणांनी ऐकलंय."

"कचऱ्यावरून झालं हो! कचऱ्यावरून माणसं मारायला लागले तर बाजारात उरेल कोण?" ती मास्तरांकडे वळली. "वीस वर्षं माझा काटा तपासलात. कधी एक ग्रॅम तरी कमी भरलं का? बोला ना!"

"नाही," मास्तर म्हणाले. "कधीच नाही."

"वजन बरोबर म्हणून माणूस बरोबर असतं असं नाही, मास्तर."

"नसतं. पण कबुतरं बाटलीतलं औषध पीत नाहीत, फौजदारसाहेब. दाणे खातात."

ते गुडघ्यावर हात ठेवून खाली वाकले. एका कबुतराच्या पंखाखाली चार-पाच गव्हाचे दाणे पडले होते. ते त्यांनी रुमालात घेतले.

"विषारी म्हणावं असं बी माझ्याकडे दोन पोती होतं," बियाणेवाली म्हणाली. "पेरायचा गहू. कीड लागू नये म्हणून त्याला औषध चोळलेलं असतं, आणि कोणी चुकून खाऊ नये म्हणून वर लालभडक रंग. मुदत संपली, म्हणून दहा दिवसांपूर्वी मुकादमांच्या ताब्यात दिलं. पुरून टाका म्हटलं."

फौजदाराने रुमालात डोकावून पाहिलं. दाणे साधे होते, गव्हाच्याच रंगाचे.

"यात लाल कुठे आहे?" तो म्हणाला. "चला, घ्या हिला."

जाता जाता ती एवढंच म्हणाली, "मास्तर, मावशी शुद्धीवर आली नाही तर मी मेले."

२

मुकादम म्हणजे बाजाराचा कारभारी. त्याच्या खोलीत पंखा होता, मास्तरांना बसायला खुर्ची मात्र नव्हती.

"पुरली ती पोती. कचरा डेपोवर," मुकादम म्हणाला.

"कोणाच्या गाडीतून गेली?"

"कोणाच्या म्हणजे? गाडीतून गेली. मास्तर, तुम्ही रिटायर झालात ना? मग घरी बसा, नातीला खेळवा. बाजाराचं नाव आधीच खराब झालंय."

मास्तर बाहेर आले. धान्याच्या गल्लीत दोनच गाळे होते, समोरासमोर, दोघा भावांचे. नऊ वर्षं भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. मधली सहा फूट वाट गिऱ्हाइकं ओलांडायची, ते दोघं कधी नाही.

थोरले पोत्यावर बसून सुतळी वळत होते. त्यांच्यासमोरच कबुतरं मेलेली, त्यामुळे येणारा-जाणारा त्यांच्याकडे बघत होता. बघणारे आज खांबाकडेही बघत होते, कारण थोरल्यांच्या खांबाला लागून छपरावरचा पाण्याचा पाइप खाली येतो आणि त्याच्या तोंडाशी फरशीवर तांबूस डाग होता.

तो डाग मास्तरांनी मंगळवारीच पाहिला होता. मावशीनेच दाखवला होता. "बघा मास्तर, वरून लाल पाणी गळतंय. पत्रा गंजला बहुतेक. मुकादमाला सांगितलं तर म्हणतो, तूच पूस. मी काय छपरावर चढू या वयात?" आणि हसली होती. पुढचे दोन दात नव्हते तिला. संध्याकाळी गल्लीत सांडलेलं धान्य ती झाडून गोळा करायची, पाखडायची, उरलंसुरलं कबुतरांपुढे टाकायची आणि चांगलं ते स्वतः शिजवून खायची.

"तुम्हीही डाग बघायलाच आलात?" थोरले मान वर न करता म्हणाले.

"एक माप गहू बघायचाय."

"सगळी पोती उघडी आहेत. बघा. मला बोलायला येत नाही. बोलणारा समोर बसलाय."

मास्तरांच्या पिशवीत एक पितळी माप कायम असायचं, बरोबर एक लिटरचं. बायको चिडवायची, लोक रुमाल घेऊन फिरतात आणि हे मापटं घेऊन. त्यांनी माप गव्हाने भरलं, वरून पट्टी फिरवून सपाट केलं आणि काट्यावर ओतलं. सातशे अठ्ठ्याऐंशी ग्रॅम. ते वाट ओलांडून समोर गेले.

"या मास्तर, या!" धाकटे उठून उभे राहिले. "काय हा प्रसंग! वहिनी असत्या तर रडल्या असत्या हो. मावशीला त्या दर वेळी काही ना काही द्यायच्या."

मास्तरांच्या बायकोने तीस वर्षं गहू घेतला तो धाकट्यांकडूनच. त्याला कारण होतं. गिऱ्हाइकाला माल देण्याआधी धाकटे पोत्यातला एक दाणा उचलायचे, दाढेखाली धरायचे आणि कट्ट करून फोडायचे. "ऐकलंत? ओल असती तर आवाज आला असता का?" ती घरी येऊन सांगायची, जो स्वतःचा माल स्वतःच्या तोंडात घालतो त्याच्याकडे डोळे मिटून जावं.

आज धाकट्यांपुढे अक्रोडांची वाटी होती. एक अक्रोड त्यांनी दाढेखाली धरून फोडला आणि गर मास्तरांपुढे केला.

"घ्या. काळजीने खातोय नुसता. खरं सांगू? सख्ख्या भावाबद्दल बोलू नये, पण कबुतरं कोणाच्या दारात मेली ते सगळ्या बाजाराने पाहिलंय."

"एक माप गहू बघू?"

"दहा बघा!"

मास्तरांनी माप भरलं. पट्टी फिरवली. सातशे पंच्याऐंशी.

दोन्हीकडचा माल चोख. मास्तर माप पुसत उभे राहिले. चाळीस वर्षांत काटा त्यांच्याशी खोटं बोलला नव्हता, आणि आज काटा म्हणत होता, इथे काही नाही.

तेवढ्यात मुकादम खोलीतून बाहेर आला. हातात फोन होता.

"मावशी गेली," तो म्हणाला.

३

दुपारी मास्तर घरी आले. जेवायचं मन नव्हतं, पण हात रिकामे ठेवले की बायकोच्या खुर्चीकडे लक्ष जायचं, म्हणून त्यांनी मंगळवारची पिशवी काढली.

यादीत गहू होता चार किलो. दोघांना पंधरा दिवसांचा. आता ते एकटेच होते, पण यादीत चार होता म्हणून ते चारच घ्यायचे आणि दोन किलो लेकीकडे पोचवायचे. "जास्त आला गं, ठेव तुझ्याकडे," असं दर वेळी म्हणायचे, जणू पहिल्यांदाच जास्त आला.

उरलेले दोन किलो त्यांनी बायकोच्या डब्यात ओतायला घेतले. तो डबा तिने निवडून आणला होता. दोन किलो गहू त्यात बरोबर गळ्यापर्यंत यायचा. वर दोन बोटं जागा उरायची, तिथे ती वाटी ठेवायची.

डबा भरला. पिशवीत गहू शिल्लक होता. त्यांनी तोही ओतला. गहू काठावरून ओट्यावर सांडला आणि तिथून खाली, टपटप.

 मास्तरांनी घरचा काटा काढला. डब्यातला आणि ओट्यावरचा मिळून गहू तोलला. दोन किलो, ना कमी ना जास्त. मग पितळी माप भरलं, पट्टी फिरवली.

सातशे बावीस.

वजन तेच, जागा जास्त. असा गहू एकच असतो. पाणी प्यायलेला दाणा फुगतो. तो वाळवला तरी पहिल्यासारखा आवळत नाही, सुरकुतलेला आणि पोकळ राहतो. डोळ्याला कळत नाही, मापाला कळतं. हा गहू कोणीतरी धुतला होता. आणि विकायचा गहू कोण धुतो? ज्याला त्याच्यावरचं काहीतरी घालवायचं असतं तो. वरून लाल पाणी गळतंय, पत्रा गंजला बहुतेक.

मंगळवारी धाकट्यांच्या गाळ्यावर काय झालं होतं ते त्यांना आता लख्ख आठवलं. गहू बांधताना धाकटे गालाला हात लावून म्हणाले होते, "आज आवाज नाही ऐकवत हो मास्तर, दाढ ठणकतेय." आणि आज त्याच दाढेने अक्रोड फोडला.

बाकीची गिऱ्हाइकं अजून का धडधाकट होती तेही कळलं. माल नुकताच विकायला काढलेला. लोक गहू आणतात, सवडीने निवडतात, दळतात, मग खातात. मावशीने झाडला त्याच संध्याकाळी शिजवला.

मंगळवार, बुधवार, गुरुवार. आज तिसरा दिवस. लेकीच्या घरी ते दोन किलो मंगळवारीच पोचले होते.

त्यांनी फोन लावला. लेक कामावर होती, तिचा फोन बंद. घरचा फोन वाजत राहिला. पुन्हा लावला. कोणी उचलला नाही. नात चार वाजता शाळेतून येते आणि आल्या आल्या खायला मागते. घड्याळात सव्वाचार झाले होते.

४

लेकीचं घर तिसऱ्या मजल्यावर. मास्तर जिना कसे चढले ते त्यांनाही पुढे सांगता आलं नाही. दार विहीणबाईंनी उघडलं. कोपरापर्यंत हात पिठाने भरलेले, म्हणून फोन उचलला नव्हता.

"अहो, काय झालं? घामाने डबडबलात!"

"नात कुठे आहे?"

"आत. खातेय. का हो?"

मास्तर तसेच बुटांसकट आत गेले. नात टेबलाशी बसली होती. तोंडात घास, हातात दुसरा.

"थुंक!" ते ओरडले. एवढ्या मोठ्याने ते घरात कधी बोलले नव्हते. पोरीने घाबरून घास थुंकला आणि भोकाड पसरलं.

"पीठ कुठलं? मी मंगळवारी गहू आणला, त्याचं?"

विहीणबाई बघतच राहिल्या. मग त्यांना उमगलं की हा माणूस वेडा झालेला नाही, घाबरलेला आहे.

"नाही हो," त्या हळूच म्हणाल्या. "हे मागल्या महिन्यातल्या गव्हाचं. मंगळवारचा तसाच आहे, गाठसुद्धा सोडली नाही. या, बघा."

गॅलरीत एका फळीवर पिशव्या ओळीने ठेवल्या होत्या. सगळ्या एकाच बाजारातल्या, सगळ्यांना एकाच पद्धतीची गाठ. मास्तरांनी मारलेली. सात-आठ तरी होत्या.

"तुम्ही आणता ते आम्हाला संपतच नाही," विहीणबाई म्हणाल्या. "मी एकदा म्हटलं, मास्तरांना सांगू या का? तर तुमची लेक म्हणाली, नको. आणू दे बाबांना. आईची यादी आहे ती."

मास्तरांनी शेवटच्या पिशवीची गाठ चाचपली. मग ते गॅलरीच्या कठड्याला धरून खाली बसले. विहीणबाई पाणी आणायला आत गेल्या, आणि जरा उशिरानेच परत आल्या.

५

संध्याकाळी सहाला धान्याच्या गल्लीत गर्दी जमली होती. फौजदार होता, मुकादम होता, आणि फौजदाराने आणलेली बियाणेवालीही होती. मास्तरांनी लेकीकडून आणलेली, गाठ न सोडलेली पिशवी धाकट्यांच्या गाळ्यावर ठेवली.

"हा मंगळवारी मी तुमच्याकडून घेतला."

"घेतला असेल. मग?"

"मापाला सातशे बावीस भरतो. आज तुमच्या पोत्यातला सातशे पंच्याऐंशी भरला. दोन दिवसांत गहू बदलला, धाकटेशेठ."

"माल संपला, नवीन पोतं काढलं. व्यापार आहे हा!" धाकटे गर्दीकडे बघून हसले. "आणि मास्तर, कबुतरं मेली ती समोर. लाल पाणी गळतं ते समोर. तुम्ही माझ्या दारात काय शोधताय?"

"कबुतरं तिथे मेली कारण त्यांची बसायची फळी तिथे वर आहे. मावशी झाडायची सगळी गल्ली, पण दाणे टाकायची फळीखाली. पाणी तिथे गळतं कारण छपराचा उतारच तिकडे आहे. छपरावर कुठेही काहीही धुतलं तरी ते थोरल्यांच्याच खांबाला येणार." मास्तर फौजदाराकडे वळले. "जिना मात्र या गाळ्याच्या मागे आहे, आणि किल्लीही इथेच असते."

फौजदाराने हात पुढे केला. धाकट्यांनी किल्ली दिली नाही तेव्हा शिपायाने ती खिळ्यावरून काढून घेतली. दोघे शिपाई वर गेले.

"ही पिशवी माझीच कशावरून?" धाकटे म्हणाले. आवाज आता चढला होता. "यात मागाहून काय मिसळलं कोणास ठाऊक! या बाईनेच—"

"मिसळलेलं नाही. एक गाठ आहे, ती माझ्या हातची आहे." मास्तरांनी ती सगळ्यांसमोर सोडली. एक दाणा उचलून तळहातावर ठेवला आणि हात पुढे केला.

"चावा."

धाकटे अर्धं पाऊल मागे सरले.

"तीस वर्षं माझी बायको तुमच्याकडे आली ती तुम्ही दाणा चावून दाखवता म्हणून. मंगळवारी दाढ दुखत होती. आज अक्रोड फोडताय, म्हणजे बरी झाली. एकच दाणा आहे. आवाज ऐकवा."

धाकट्यांनी दाण्याकडे पाहिलं.  हात अर्धा वर उचलला आणि तिथेच राहिला.

"तीन पाण्यांनी धुतला होता," ते शेवटी म्हणाले. "माझ्या मालाला ओल लागली, सगळा सडला. गाळा रिकामा ठेवला असता तर गिऱ्हाईक समोर गेलं असतं. त्याच्याकडे! नऊ वर्षं वाट बघतोय तो. रंग गेला होता, मास्तर. मला वाटलं, रंग गेला म्हणजे सगळं गेलं."

"वाटलं होतं ना? मग मंगळवारी चावला का नाहीत?"

 शिपाई छपरावरून एक ताडपत्री घेऊन आले. उलगडली तर घड्यांमधून लाल पूड झडली. मुकादमाने कोणी न विचारताच बोलायला सुरुवात केली: पोती धाकट्यांनीच आपल्या गाडीत घातली, डेपोवर नेतो म्हणाले, आपण विश्वास ठेवला.  बियाणेवाली मुकादमासमोर जाऊन उभी राहिली आणि तो गप्प होईपर्यंत त्याच्याकडे बघत राहिली.

धाकट्यांना नेताना थोरले पोत्यावरून उठले. वाटेच्या कडेपर्यंत आले. धाकटेही थांबले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि नऊ वर्षांनी थोरले बोलले.

"माझ्याकडे मागायचा होतास," ते म्हणाले. "गहूच हवा होता ना?"

६

पुढचे दोन दिवस मास्तर बाजाराच्या दारात टेबल टाकून बसले. गल्लोगल्ली दवंडी पिटल्यासारखी बातमी फिरवली होती. लोक डबे, पिशव्या, पातेली घेऊन आले. मास्तर माप भरायचे, पट्टी फिरवायचे, तोलायचे. चांगला, न्या घरी. हा ठेवा इथे. बायका पोरांना कडेवर घेऊन निकाल लागायची वाट बघत उभ्या असायच्या. दोन घरांतली माणसं दवाखान्यात होती, ती वाचली. एका बाईने पीठ मळून ठेवलेलं तसंच परातीसकट आणलं. मळलेलं पीठ मापात बसत नाही. ती परात मास्तरांनी स्वतःच्या हाताने झाकली आणि बाजूला ठेवली.

मावशीचा झाडू नळाजवळ तसाच टेकलेला होता. तो कोणी हलवला नाही.

पुढच्या मंगळवारी दार उघडलं तेव्हा छपराखाली शांतता होती. मास्तर पिशवी घेऊन धान्याच्या गल्लीत शिरले. डावीकडच्या गाळ्याला सील होतं. ते उजवीकडे वळले. तीस वर्षांत त्या घरातलं कोणी तिकडे वळलं नव्हतं.

थोरल्यांनी सुतळी खाली ठेवली. "गहू? चार, ना? समोर ऐकायचो मी."

मास्तरांनी खिशात हात घातला. यादी बोटांना लागली. ती त्यांनी बाहेर काढली नाही.

"दोन," ते म्हणाले. "दोनच द्या."

थोरल्यांनी पोत्यात माप खुपसलं आणि थांबले. पोत्यातून एक दाणा उचलला, जरा अवघडल्यासारखा तोंडात टाकला, आणि मान दुसरीकडे वळवून चावला.

रिकाम्या गल्लीत आवाज स्वच्छ ऐकू आला.